बसायला आलेले चाळीस गणपती

गुणाजी म्हणजे नक्की कोण, असं पेणच्या बाजारात विचारलंत, तर उत्तर देणाऱ्याच्या वयावर सगळं अवलंबून असे. म्हातारे म्हणत, आखणीवाला. पोरंसोरं म्हणत, कमिशनवाला. दोन्ही खरं. पण आखणीवाल्याचा कमिशनवाला कसा झाला आणि मग पुढे काय झालं, हे विचारलं की बाजारात प्रत्येकजण आपल्या पदरचं काहीतरी घालून सांगतो. म्हणून एकदा नीट सांगितलेलं बरं.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. मूर्तीचं बाकी काम दहा हातांतून जातं. एकजण साच्यातून काढतो, दुसरा घासतो, तिसरा अंगाला रंग मारतो, बायका दागिन्यांना सोनेरी लावतात. डोळ्यांना मात्र एकच माणूस हात लावतो. पेणशेजारच्या हमरापुरातल्या निम्म्या मूर्तींच्या कारखान्यांत तो माणूस म्हणजे गुणाजी. चौदाव्या वर्षी ब्रश हातात घेतला तो चाळीस वर्षं सोडला नाही. मोसमात दिवसाला साठ-सत्तर जोड्या. वरच्या पापणीची रेघ श्वास रोखून एका दमात ओढायची, मध्ये थांबलात की देव रागावलेला दिसतो, असं त्याचं म्हणणं. रेघ संपताना कोपऱ्यात ती तो किंचित वर वळवून सोडायचा. तेवढ्या एका वळणावरून रंगारी लोक लांबूनच सांगत, हा गुणाजीचा डोळा.

आणि त्याला त्याचा माज होता, हेही सांगून टाकू. आखणी चालू असताना कुणी शेजारी बोललं तर हा ब्रश खाली ठेवून बाहेर जाऊन बसायचा. कारखानदारानं स्वतः येऊन चहा पाजून आत न्यायचं. पैशाला चोख, जिभेला तिखट, पण कामाला असा की लोक सगळं सोसून घेत.

पन्नाशी उलटली आणि त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांनी दगा दिला. आधी धूसर, मग दिव्याभोवती कडी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, डाव्यात नुकता धरला होता. वर्ष दीड वर्ष त्यानं कुणाला कळू दिलं नाही. नुसत्या हाताच्या सवयीवर आखणी करत राहिला. शेवटी एका मोठ्या मंडळाचा गणपती तिरळा झाला. मंडळवाले ओरडले नाहीत, कारखानदारही काही बोलला नाही. फक्त पुढच्या वर्षी आखणीला बोलावणं आलं नाही. एका कारखान्यातून नाही, कुठूनच नाही. गुणाजी श्रावणभर घरी बसून होता. त्याची बायको हौसा सांगायची, की त्या महिन्यात माणूस जेवताना ताटाकडे बघायचा नाही, भिंतीकडे बघायचा.

त्यात त्याला पोपट भेटला.

पोपटनं पनवेलला वसुलीचं ऑफिस काढलं होतं. टेबल, दोन खुर्च्या, तीन फोन आणि मोटारसायकलवर फिरणारी चार धिप्पाड पोरं. ज्याचं येणं अडकलंय त्यानं कागद द्यायचा, पोपटची पोरं जाऊन पैसे काढून आणणार आणि शेकडा तीस ऑफिसला. वडखळच्या नाक्यावर मिसळ खाता खाता त्यानं गुणाजीला सगळं समजावलं. गुणाजीनं कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाला दम भरायचा नाही. फक्त पार्टी, म्हणजे कोणाचं कुणाकडे अडकलंय ते नाव, आणून द्यायची. पैसे वसूल झाले की ऑफिसच्या तिसातले दहा गुणाजीचे.

"तुम्ही नाव द्या काका," पोपट म्हणाला. "नाव तुमचं, मेहनत आमची."

गुणाजीला हे पटलं, आणि पटण्यासारखं होतंही. हमरापूरच्या कारखानदारांची एक गंमत आहे. माणसं रात्रंदिवस राबतील, पण उधारी मागायला तोंड उघडणार नाहीत. ठाण्या-पुण्याचे व्यापारी ट्रक भरभरून माल नेणार, अर्धे पैसे रोख, अर्धे विसर्जनानंतर. विसर्जनानंतर व्यापाऱ्याचा फोन लागत नाही. आणि कारखानदार म्हणणार, जाऊ द्या, देवाच्या पैशासाठी भांडायचं कसं! अशी तीन-तीन, चार-चार वर्षांची थकबाकी घराघरात पडलेली. कोणाची कुणाकडे किती, हे गुणाजीला पाठ. चाळीस वर्षं त्यानं त्या ओट्यांवर बसूनच तर चहा प्यायला होता.

पहिल्या वर्षात त्यानं सहा पार्ट्या दिल्या. त्यातल्या चौघांचे पैसे आले. एका म्हाताऱ्या कारखानदाराचे बुडालेच समजलेले सत्तर हजार परत आले, तेव्हा त्यानं गुणाजीला घरी बोलावून धोतराचं पान दिलं. गुणाजीची मान पुन्हा वर झाली. बाजारात चालताना परत तिखट बोलायला लागला. कमिशनचे पैसे हौसाकडे देताना म्हणायचा, हे बसल्या जागचे नाहीत हां, चाळीस वर्षांच्या ओळखीचे आहेत. ते खरंच होतं. विकत होता तो ओळखच. पण हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग विमलबाईंची पार्टी आली.

विमलबाईंचा कारखाना हमरापुरात स्टेशनच्या बाजूला. नवरा जनू दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून बाई एकटीनं सगळं ओढत होती. जनूच्या हयातीत गुणाजीचं त्या घरी घरच्यासारखं येणं-जाणं. त्या दिवशी बाईंनी जनूच्या वह्या काढल्या आणि गुणाजीपुढे ठेवल्या. त्याला दिसत नव्हतं, म्हणून बाईंनीच वाचून दाखवलं. तीन वर्षांपूर्वीच्या मोसमात रोह्याच्या पुंडलिकशेठनं दीडशे मूर्ती नेल्या. पैसे आले एकशे दहाचे. चाळिसांचे बाकी, बाराशेप्रमाणे अठ्ठेचाळीस हजार.

पुंडलिक म्हणजे रोह्यातला पूजेच्या सामानाचा दुकानदार. एकोणीस वर्षं तो जनूकडून माल नेत होता. एकोणीस वर्षांत त्याचा चेक कधी परत गेला नव्हता. बाईंनी म्हणे त्याला एकदा निरोप धाडून विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं, की तो हिशेब जनूभाऊंनी मिटवलाय. बाईंच्या मनाला ते लागलं. मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलायला काय जातं! आता गुणाजीनंच काय ते बघावं, असं बाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

गुणाजीनं नाव दिलं. पुंडलिकशेठला तोही ओळखत होता. दर गणपतीला शेठ माल घ्यायला आला की गुणाजीच्या बाजूला पाटावर बसायचा, आखणी बघायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. न बोलता बसणारा तो एकच व्यापारी, म्हणून गुणाजीला तो आवडायचा. तरी नाव दिलं. आधी रोह्याला जाऊन एकदा विचारावं, असं मनात आलं नसेल असं नाही. पण एसटीचं भाडं, पुन्हा डोळ्याचा त्रास, आणि पोपटनं सांगून ठेवलेलं की पार्टीला आधी सावध करायचं नसतं. कमिशन अठ्ठेचाळीसशे. अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलेल्या चांगल्या भिंगाला पाच हजार. हा हिशेब गुणाजीनं मनातल्या मनात कितीदा केला असेल कोण जाणे.

आठ दिवसांनी पोपटचा फोन आला. पार्टी म्हणतेय की चाळीस नग परत केले होते. काय करायचं?

या ठिकाणी गुणाजी थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. तो थांबला नाही.

"सगळेच असं म्हनतात," तो म्हणाला. "चिठ्ठी हाय का म्हनावं?"

चिठ्ठी नव्हती. पोपटची पोरं मग पुंडलिकशेठच्या दुकानात जाऊन बसायला लागली. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, तसं ती करतच नसत. नुसती बसायची. दिवसभर. गिऱ्हाईक आलं की मोठ्यानं विचारायची, शेठ, देवाचे पैसे कधी देताय? नवरात्र तोंडावर आलेलं. अकराव्या दिवशी पुंडलिकशेठनं बायकोच्या, इंदुबाईच्या पाटल्या सोनाराकडे टाकल्या आणि अठ्ठेचाळीस हजार मोजून दिले. तेहतीस हजार सहाशे विमलबाईंना आले. गुणाजीला अठ्ठेचाळीसशे. दोनशे हौसानं डब्यातून काढून दिले, आणि दिवाळीच्या आधी अलिबागला उजवा डोळा झाला.

पट्टी सुटली त्या दिवशी गुणाजी रडला. हौसाच्या कपाळावरचं गोंदण त्याला चार वर्षांनी दिसलं. ती लाजली आणि म्हणाली, असं काय बघताय मेलं. परतीच्या एसटीत तो खिडकीला बसून पाट्या वाचत आला, अगदी विड्यांच्या जाहिरातीसुद्धा.

माघात विमलबाईंनी त्याला बोलावलं. डोळा आला म्हणतात तर या एकदा, जुन्या दहा-बारा मूर्ती माळ्यावरून काढल्यात, डागडुजी करून आखणी करायचीय. तीन वर्षांनी आखणीचं बोलावणं! गुणाजीनं धुतलेला सदरा घातला. हौसानं त्याचे जुने ब्रश तेलातून काढून पुसून दिले.

पहिलीच मूर्ती हातात घेतली ती दीड फुटाची, सोंडेपाशी टवका उडालेली. गुणाजीनं ती उजेडाकडे वळवली. पापणीच्या रेघेखाली आणखी एक रेघ होती. वरचा पांढरा रंग लावण्याआधीची, थोडी उंचवट्यासारखी राहिलेली. वरची रेघ त्याची. खालचीही त्याचीच. दोन्हींचं शेवटचं वळण एकावर एक. एका देवाला त्यानं दोनदा डोळे काढले होते.

त्यानं मूर्ती उलटी केली. बुडाला निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, पुं. १७००. ही पुंडलिकशेठची खूण, दुकानात लावलेली किंमत. म्हणजे मूर्ती रोह्याला जाऊन, दुकानात बसून, परत आली होती.

आणि मग सगळं आठवलं. त्या वर्षीचा पौष. जनूनं त्याला खास बोलावून घेतलं होतं. ओट्यावर चाळीस मूर्ती मांडलेल्या. जनू म्हणाला होता, "चाळीसजन बसायला आलेत. डोळे नवे काढ."

आता हे समजायला जनूच्या घरची रीत माहीत पाहिजे. न खपलेला माल सगळ्याच कारखान्यांत परत येतो, कुणी घेतो, कुणी घेत नाही. पण जनूच्या बापापासून त्या घरात एक गोष्ट कडक पाळत. देव परत आला, असं तोंडानं म्हणायचं नाही आणि वहीत तर मुळीच लिहायचं नाही. गेलेला देव परत आला म्हणजे कुणाच्या तरी दारातून उपाशी आला. म्हणून म्हणायचं, बसायला आला, आणि त्याला नवे डोळे काढायचे. वहीत जाणं मांडायचं, येणं मनात ठेवायचं. जनूची स्मरणशक्ती तल्लख, व्यवहार सरळ, त्यामुळे तो होता तोवर कधी अडलं नाही. त्यानं पुंडलिकशेठकडे त्या चाळिसांचे पैसे मागितले नाहीत ते यासाठी. त्या चाळिसांना नवे डोळे लागले आणि पुढच्या मोसमात त्या दुसऱ्याला विकल्या गेल्या. ही एकच तेवढी, टवका उडाला म्हणून, माळ्यावर राहिली. विमलबाई तेव्हा घरात, चुलीपाशी. कारखान्यातलं तिला जनू गेल्यावरच कळायला लागलं, तेही वह्यांतून.

गुणाजीला मात्र ही रीत माहीत होती. पुरी माहीत होती. त्या पौषात त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून आपलाच जुना डोळा ओळखू आला नाही, हे एक झालं. पण बाईंनी वही वाचली तेव्हा त्याला आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं? हा प्रश्न तो पुढे जन्मभर स्वतःला विचारत राहिला आणि उत्तर कधीच एक आलं नाही.

त्या दिवशी आखणी न करताच तो घरी गेला. बाईंना म्हणाला, डोळ्याला पाणी येतंय.

हौसाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं, भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, "मंग आता काय, डोळा परत दिताय?"

"चेष्टा करू नको गो."

"चेष्टा नाय. इचारतेय मी. पैसं कुठं हायत आपल्याकडं?"

पैसे नव्हतेच. ते त्याच्या उजव्या डोळ्यात बसवलेले होते. आणि पैशाचं सोडा. बोललं तर विमलबाईंवर चोरीचा ठपका येणार, जनूच्या नावाला बट्टा. तीस कारखाने म्हणणार, गुणाजीच्या शब्दावर खोटी वसुली झाली. कमिशन गेलं, नुकतं आलेलं आखणीचं बोलावणंही गेलं. नाही बोललं तर कुणालाच काही कळणार नाही. जनू मेलेला, मूर्तीवर एक हात पांढरा मारला की संपलं. माणसाला गप्प बसायला याहून जास्त काय लागतं? महिनाभर तो गप्प बसला. पोपटचे फोन उचलले नाहीत. कारखान्यांच्या ओट्यावर गेला नाही. हौसाही पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. फक्त एक दिवस त्याच्या सदऱ्याच्या खिशात तिनं रोह्याच्या तिकिटापुरते पैसे ठेवले.

गुढीपाडव्यानंतर तो रोह्याला गेला. दुकान उघडं होतं. पुंडलिकशेठ गल्ल्यावर, केस बरेच पांढरे झालेले. इंदुबाई आतून उदबत्त्यांचे पुडे घेऊन आली. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, चार-चार, हिरव्या. गुणाजीनं बघायला नको म्हणून मान वळवली, आणि त्याला भिंतीला लावलेले पाट दिसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे घरचा गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट कारखान्यात द्यायचा. त्याच पाटावर देव बसतो आणि त्याच पाटावरून घरी येतो. रोह्याची माणसं पुंडलिकशेठकडे पाट आणून देत आणि तो सगळे पाट गोळा करून हमरापूरला पोचवायचा. पाडव्याच्या आसपास पहिले पाट जायचे. या वर्षी सत्तावीस पाट भिंतीला उभे होते, प्रत्येकावर खडूनं घराचं नाव. धूळ बसली होती त्यांवर.

"हे अजून हितंच?" गुणाजीच्या तोंडून गेलं.

पुंडलिकशेठ शांतपणे म्हणाला, की तीन कारखान्यांत विचारलं. तिघांनीही हात जोडले. ज्याच्या दुकानात वसुलीवाले बसले त्याचा पाट कोण घेईल? आता पुढच्या आठवड्यात ज्याचे त्याला परत देऊन टाकणार. घरोघर जाऊन काय सांगायचं, तेवढं अजून ठरत नव्हतं.

गुणाजीनं मग सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, पापणीची रेघ ओढल्यासारखं. माळ्यावरची मूर्ती, दोन रेघा, निळी पेन्सिल, बसायला आलेले चाळीस. नाव मी दिलं. पोपटनं विचारलं तेव्हा चिठ्ठी मागा असं मीच म्हटलं. त्या पैशात हा डोळा झाला. इंदुबाई ऐकता ऐकता पुड्यांसकट खाली बसली आणि आवाज न करता रडायला लागली. पुंडलिकशेठ गल्ल्याच्या लाकडावर बोट फिरवत राहिला. गुणाजीला वाटत होतं, आता शिवी येईल, यावी एकदाची.

"पाटल्यांचं नाय एवढं," तो अखेर म्हणाला. "एकोनीस वर्सं मी तुझ्या शेजारी बसलो. एकदा येऊन इचारायचं होतंस, गुणाजी."

गुणाजी भिंतीपाशी गेला आणि सदऱ्याच्या टोकानं एकेक पाट पुसायला लागला. पुसून झाल्यावर सुतळी मागितली. इंदुबाईनं डोळे पुसत आणून दिली. सत्तावीस पाटांचे तीन गठ्ठे झाले. पुंडलिकशेठनं विचारलं, कुणी घेतले नाहीत तर? गुणाजी म्हणाला, तर परत आणून देईन आणि घरोघर सांगायला मी जाईन, तुम्ही नाही.

ते गठ्ठे घेऊन तो पॅसेंजरमधून हमरापूरला उतरला. तीन खेपा केल्या फलाटावरून कारखान्यापर्यंत. वाटेत माणसं विचारत होती, हे कुणाचे? तो प्रत्येकाला थांबून सांगत होता, रोह्याच्या पुंडलिकशेठचे, त्याचं काही देणं नव्हतं, चूक माझी. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा सांगितलं असेल. तिसरी खेप होईस्तोवर गाव विमलबाईंच्या दारात जमा झालं होतं.

विमलबाई आधी संतापल्या. माझ्या नवऱ्यानं लिहिलेली वही खोटी म्हणता? त्यांच्या मागं मला चोर ठरवता? त्या संतापाचा राग धरता येत नाही. बाईचं सगळं जग त्या वहीत होतं. गुणाजीनं वाद घातला नाही. ओट्यावरून ती मूर्ती उचलली, रॉकेलच्या बोळ्यानं एका डोळ्यावरचा रंग हलक्या हातानं पुसला आणि मूर्ती बाईंच्या हातात दिली. खालचा डोळा उघडला होता. मग मूर्ती उलटी करून निळी पेन्सिल दाखवली.

"वैनी, वही खोटी नाय," तो म्हणाला. "वही अर्धी हाय. उरलेली अर्धी जनूभाऊंच्या मनात होती न थोडी माझ्या. माझी मी लपवली."

बाईंनी मूर्ती सुलट करून पुन्हा बघितली. जनू जिवंत असता तर काय म्हणाला असता, हेच त्या शोधत असाव्यात. मग आत गेल्या, वही आणली, दाराच्या उंबऱ्यातच बसल्या आणि सगळ्यांसमोर त्या तीन वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलं, पुंडलिकशेठ, रोहा, चाळीस गणपती परत आले. त्या घरात असं वाक्य पहिल्यांदा लिहिलं गेलं. खाली तारीख घातली आणि गुणाजीला म्हणाल्या, "पाट आत घ्या, भाऊ."

पैशाचं मग असं झालं. बाईंनी तेहतीस हजार सहाशे दोन मोसमांच्या मालात वळते केले. पोपटकडे गुणाजी स्वतः गेला, तर तो म्हणाला, काका, पैसे परत करायची आपल्याकडे सिस्टीमच नाही. गुणाजीनं त्याला पेणच्या बाजारात ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली, आणि पनवेलचा रस्ता बंद झाला. ऑफिसनं खाल्लेले ते नऊ हजार सहाशे पुंडलिकशेठचे बुडाले ते बुडालेच. आपले अठ्ठेचाळीसशे गुणाजीनं आखणीतून फेडले. रोह्याच्या प्रत्येक मूर्तीचे डोळे तो फुकट काढायचा. हौसानं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून हिशेब ठेवला. बाकीचे कारखानदार दोन वर्षं त्याच्याशी तोडून वागले. तेही बरोबरच होतं म्हणायचं. तिसऱ्या वर्षी एकानं बोलावलं, मग दुसऱ्यानं. गुणाजीचा तोरा मात्र परत आला नाही. शेजारी कुणी बोललं तरी आता तो ब्रश खाली ठेवत नसे.

पुंडलिकशेठ त्या पहिल्या श्रावणात माल न्यायला आला. बाईंना म्हणाला, यापुढं गेले किती तेही लिहा आणि आले किती तेही लिहा, देव काय रागावत नाय. मूर्ती एकेक उचलून बघितल्या. गुणाजी कोपऱ्यात आखणी करत होता, त्याच्याकडे शेठनं पाहिलंही नाही. दुसऱ्या वर्षीही नाही.

तिसऱ्या श्रावणात इंदुबाईच्या पाटल्या सोनाराकडून सुटल्या. त्या वर्षी शेठ आला तो माल बघायला गेलाच नाही. कोपऱ्यातला एक पाट पायानं ओढला आणि गुणाजीच्या शेजारी बसला, पूर्वीसारखा, न बोलता. गुणाजीनं हातातली रेघ पुरी केली. कोपऱ्यात वर वळवून सोडली. ब्रश पाण्यात ठेवला.

"डोळा कसा हाय?" पुंडलिकशेठनं विचारलं.

"बरा हाय," गुणाजी म्हणाला. "तुमचाच हाय तो."

शेठनं समोरच्या मूर्तीचा नुकता काढलेला डोळा वाकून नीट पाहिला.

"मंग नीट बघत जा त्यातनं," तो म्हणाला आणि दुसरी मूर्ती उचलून गुणाजीच्या पुढ्यात ठेवली.